कुंडीतला वाफसा : परतीचा पाऊस आणि ऑक्टोबरचे ऊन यांच्यामध्ये बाग सांभाळताना

गणपती विसर्जनापासून दिवाळीपर्यंतचा काळ मुंबईतल्या बागकाम करणाऱ्यांना जितका फसवतो, तितका वर्षातला दुसरा कोणताही काळ फसवत नाही. जुलैत पाऊस कोसळणार आणि मेमध्ये ऊन तापणार हे ठाऊक असते व त्याप्रमाणे आपण तयारीत असतो. पण भाद्रपदाच्या अखेरीस सकाळी लख्ख ऊन, दुपारी अंगाला कपडे चिकटवणारा उकाडा आणि संध्याकाळी पूर्वेकडून गडगडत आलेली सर असे सगळे एकाच दिवशी घडते. हवामान विभागाने २०२० मध्ये सुधारलेल्या तारखांनुसार मोसमी पाऊस मुंबईतून परतण्याची सर्वसाधारण तारीख ८ ऑक्टोबर आहे. त्याआधी ती २९ सप्टेंबर धरली जात असे. परंतु ही केवळ सरासरी आहे. २०१९ साली राजस्थानातून पावसाची माघार सुरू व्हायलाच ९ ऑक्टोबर उजाडला होता, आणि २०२० साली मुंबईतून पाऊस गेला तो थेट महिन्याच्या शेवटी. त्यामुळे भिंतीवरचे कॅलेंडर पाहून 'आता पावसाळा संपला' असे ठरवणाऱ्याची बाग हमखास अडचणीत येते.

शेतकरी अशा वेळी तारीख पाहत नाही, वाफसा पाहतो. पाऊस उघडल्यावर जमिनीतले जास्तीचे पाणी निथळून जाते, मातीच्या कणांमध्ये ओलावा आणि हवा दोन्ही पुरेशी राहतात आणि औत घातले तर ढेकळे न निघता माती मोकळी होते, त्या अवस्थेला वाफसा म्हणतात. गॅलरीतल्या कुंडीला औत लागत नसले, तरी तिलाही वाफसा असतो आणि तो ओळखता आला की या दीड महिन्यातले निम्मे निर्णय आपोआप सुटतात. खुरपीने कुंडीतली माती दोन इंच खोल उकरून मूठभर बाहेर काढावी आणि दाबावी. बोटांच्या फटींतून पाणी आले किंवा माती चिखलासारखी चिकटली, तर त्या कुंडीला सध्या हात लावू नये. गोळा झाला आणि अंगठ्याने टिचकी मारताच फुटला, तर वाफसा आला. गोळाच होत नसेल, तर कुंडी तहानलेली आहे. ही परीक्षा वरवरच्या मातीवर घेऊन उपयोग नाही, कारण पावसाने दाबली गेलेली माती वरून हिरवट शेवाळलेली आणि आत कोरडी, किंवा नेमकी त्याच्या उलट, अशी दोन्ही प्रकारे असू शकते. हलक्या कुंड्यांच्या बाबतीत उचलून वजनाचा अंदाज घेणे अधिक सोपे पडते. आठवडाभरात हाताला ती सवय होते.

पावसाचा आकडा आणि कुंडीतले पाणी

वर्तमानपत्रात 'सांताक्रूझला २० मिलिमीटर पाऊस' असे वाचले की आपण निर्धास्तपणे पाण्याची झारी ठेवून देतो, पण हा हिशेब एकदा करून पाहण्यासारखा आहे. बारा इंच व्यासाच्या कुंडीच्या तोंडावर २० मिलिमीटर पाऊस सरळ पडला, तरी आत जाणारे पाणी जेमतेम दीड लिटर भरते. त्यातले बरेचसे जास्वंदीच्या किंवा अळूच्या पानांवरून कुंडीबाहेर ओघळते. वर छज्जा असेल, तर कडेच्या एका रांगेलाच काय ते पाणी मिळते आणि भिंतीलगतची रांग भर पावसात सुकते. शिवाय परतीचा पाऊस सरसकट पडत नाही. मुलुंडला गडगडाटासह धो धो कोसळत असताना माहीमला रस्ता कोरडा असतो. वेधशाळेचा आकडा हा वेधशाळेचा असतो, आपल्या खिडकीचा नसतो. गच्चीवर किंवा ग्रिलमध्ये सरळ भिंतींचा एखादा रिकामा डबा ठेवून दुसऱ्या दिवशी त्यातले पाणी पट्टीने मोजावे, आणि मोजून लगेच ओतून टाकावे.

'लगेच' हा शब्द मुद्दाम वापरला आहे. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाची अंडी साचलेल्या स्वच्छ पाण्यात आठवडा-दहा दिवसांत डास होऊन बाहेर पडतात, आणि कुंड्यांखालच्या ताटल्या ही त्यांची आवडती जागा. महापालिकेची माणसे तपासणीला येईपर्यंत थांबण्यात काही शहाणपण नाही. पावसाळाभर ताटल्या काढूनच ठेवाव्यात आणि कुंड्या विटांच्या तुकड्यांवर टेकवाव्यात. खालच्या मजल्यावरच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर पाणी टपकून वाद होण्याची भीती असेल, तर ताटलीत जाड वाळू भरावी, म्हणजे उघडे पाणी राहत नाही.

ऊन नुसते वाढत नाही, जागाही बदलते

ऑक्टोबरमध्ये मुंबई तापते त्याचे कारण केवळ ढग गेले एवढेच नाही. वारे फिरतात, सकाळपासून जमिनीकडून, पूर्वेकडून येणारे मतलई वारे जोर धरतात आणि समुद्रावरून येणारा खारा वारा ज्या दिवशी उशिरा सुटतो, त्या दिवशी पारा चढत जातो. सप्टेंबरात तिशीच्या आसपास असलेले कमाल तापमान ऑक्टोबरात सरासरीनेच तेहतिशीच्या पुढे जाते आणि काही दिवस पस्तिशीही ओलांडते. तीन महिने ढगाखाली वाढलेली पाने मऊ आणि पातळ असतात. त्यांच्यावर असे ऊन अचानक पडले की दोन दिवसांत पांढरट, मग तपकिरी चट्टे उठतात. अनेकांना तो रोग वाटतो आणि ते औषध फवारतात, ज्याने भाजलेले पान अधिकच बिघडते.

दुसरी गोष्ट सहसा लक्षात येत नाही. मुंबई सुमारे १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे, त्यामुळे मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत भर दुपारचा सूर्य आपल्या डोक्यावरून किंचित उत्तरेकडे झुकलेला असतो. त्यानंतर तो दक्षिणेकडे सरकू लागतो. सप्टेंबरच्या २२-२३ तारखेला माध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून सुमारे ७१ अंशांवर असतो, ऑक्टोबरच्या अखेरीस सुमारे ५७ अंशांवर येतो आणि डिसेंबरात ४७-४८ अंशांपर्यंत उतरतो. याचा अर्थ असा की दक्षिणेकडे उघडणाऱ्या गॅलरीत छज्जाखालून ऊन दर आठवड्याला थोडे थोडे आत शिरते, तर उत्तरेकडच्या गॅलरीला पुढचे सहा महिने थेट ऊन जवळजवळ मिळतच नाही. पावसाळ्यात सावलीत सुखाने बसलेले मनीप्लांट, नेचे आणि शोभेचे अळू दक्षिणेच्या गॅलरीत असतील, तर ते मागच्या रांगेत न्यावेत आणि तुळस, मिरची, मोगरा पुढे आणावेत. ही हलवाहलव एका रविवारी उरकू नये. आधी निम्म्या कुंड्या हलवाव्यात, आठवडाभर पाहावे, मग उरलेल्या हलवाव्यात. पश्चिमेकडच्या खिडक्यांना तिसऱ्या प्रहराचे ऊन फार लागते. तिथे ५० टक्के सावली देणारी हिरवी जाळी, आणि ती नसेल तर जुनी पांढरी सुती साडी, दुपारी एक ते साडेचारपर्यंत अडकवली तरी पुरते. ती कायमची बांधून ठेवली, तर संध्याकाळच्या सरीनंतर आतली हवा कोंडते आणि बुरशीला आयतेच निमंत्रण मिळते.

पाऊस उघडल्यावरची पहिली कामे

सलग तीन-चार दिवस कोरडे गेले आणि वाफसा आला की पहिले काम निचऱ्याचे. कुंडीच्या तळाची भोके चार महिन्यांत मुळांनी आणि बसलेल्या मातीने बुजलेली असतात. कुंडी आडवी करून जाड सळईने खालून ती मोकळी करावीत. वरची इंचभर माती खुरपीने हलकेच सैल करावी, शेवाळ खरवडून काढावे, कुजलेली पाने वेचावीत. कडेने मुळे उघडी पडली असतील, तर कोरडी माती आणि गांडूळखत समभाग मिसळून भर द्यावी.

याच सुमारास घरोघरी आणखी एक प्रश्न उभा राहतो, तो विसर्जनानंतर बादलीत उरलेल्या शाडूच्या मातीचा. ती कुंडीत ओतावी ही भावना चांगली आहे, पण शाडू ही अतिशय बारीक कणांची चिकण माती आहे. ती वरून ओतली की कुंडीवर जणू झाकण बसते, पाणी आत मुरत नाही आणि ऊन लागताच तिला भेगा पडतात. ती पूर्ण वाळवून, कुटून, दहा भाग साध्या मातीत एक भाग एवढ्याच प्रमाणात मिसळावी. मूर्ती रंगवलेली असेल, तर खाण्याच्या भाज्यांच्या कुंड्यांपासून ती दूरच ठेवावी. निर्माल्याचे मात्र उत्तम खत होते. फुलांतले दोरे आणि प्लास्टिक काढून ते सुक्या पानांबरोबर थराथराने कुजवले, तर पौषापर्यंत वापरता येते.

छाटणीविषयी मी स्वतः ठेच खाऊन शिकलो आहे. काही वर्षांपूर्वी सप्टेंबरच्या अखेरीस पाच दिवस निरभ्र गेले. मी उत्साहाने माहीमच्या आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीतल्या चौदाही कुंड्यांची छाटणी केली, सगळ्यांची माती बदलली आणि वर खतही घातले. सहाव्या दिवशी जो पाऊस लागला, तो तीन दिवस उघडला नाही. ताजे काप काळे पडले, नव्या मोकळ्या मातीने स्पंजासारखे पाणी धरून ठेवले आणि दुखावलेल्या मुळांना श्वास घ्यायला जागा उरली नाही. दिवाळीपर्यंत पाच झाडे गेली. त्यात एक दहा वर्षांची जास्वंद होती. तेव्हापासून या काळातले प्रत्येक काम मी निम्मेच करतो. सप्टेंबरात केवळ वाळलेल्या, रोगट आणि एकमेकांवर घासणाऱ्या फांद्या काढाव्यात, काप तिरका द्यावा म्हणजे त्यावर पाणी थांबत नाही. आकार देणारी खरी छाटणी, कुंडी बदलणे आणि मुळांना हात लावणे हे पावसाने माघार घेतल्याचे हवामान विभागाने जाहीर केल्यानंतर, शक्यतो ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात करावे. तुळस एवढी याला अपवाद आहे. पावसात ती रोडावते आणि मंजिऱ्यांनी भरून जाते. त्या मंजिऱ्या दिसतील तशा खुडत राहाव्यात.

खतही असेच दमाने द्यावे. चार महिन्यांच्या पावसाने मातीतले नत्र धुऊन जाते, म्हणून पाने पिवळी पडतात हे खरे आहे. परंतु पाणी साचून मुळे कुजली तरी पाने पिवळीच पडतात. नवी पालवी फुटताना दिसली, तरच बारा इंची कुंडीला दोन मुठी गांडूळखत आणि एक चमचा निंबोळी पेंड द्यावी. पालवी नसेल आणि मातीला आंबूस वास येत असेल, तर खत नव्हे, हवा हवी आहे. युट्यूबवर सुचवलेली कांद्याच्या सालींची आणि केळ्यांची पाणी मुंबईच्या दमट हवेत मुख्यतः चिलटे पोसतात, असे माझे मत झाले आहे.

पाणी पुन्हा सुरू करणे

पाणी घालण्याची सवय मोडलेली असते आणि झाडे त्याच काळात होरपळतात. पाणी सकाळी आठच्या आत द्यावे, कारण संध्याकाळी पाणी दिले आणि रात्री सर आली, तर मुळे दोन्हीकडून बुडतात. मातीच्या कुंड्या प्लास्टिकच्या कुंड्यांपेक्षा लवकर सुकतात, तेव्हा सगळ्यांना सारखे पाणी देणे चूक आहे. दुपारी दोनला पाने मलूल दिसली म्हणून लगेच झारी घेऊन धावू नये. ऊन उतरल्यावर ती पुन्हा ताठ झाली, तर ती उन्हाची नुसती सुस्ती होती. सकाळीही मान टाकलेलीच असेल, तर मातीची मूठ दाबून पाहावी, कारण कोरड्या मातीतले आणि चिखलातले झाड वरून सारखेच कोमेजलेले दिसते. कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, जास्त असलेल्या कुंडीची आणखी एक खोड अशी की ते एकदा खडखडीत वाळले की पाणी शोषून घेत नाही. वरून ओतलेले पाणी कडेच्या फटीतून खाली निघून जाते आणि आपल्याला कुंडी भिजली असे वाटते. अशी कुंडी बादलीभर पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवावी. आच्छादनासाठी सुकी पाने चालतातच, पण कोपऱ्यावरच्या रसवंतीवाल्याकडचे उसाचे चिपाड उन्हात खडखडीत वाळवून, तुकडे करून पसरले तर ते अधिक टिकते. ओले पसरले, तर मुंग्या लागतात.

उंच इमारतींत राहणाऱ्यांनी गडगडाटी सरींपूर्वीच्या वाऱ्याची वेगळी काळजी घ्यावी. भिजलेल्या मातीसकट बारा इंची कुंडी वीस-पंचवीस किलोंची होते आणि ग्रिलच्या कडेवर ठेवलेली अशी कुंडी खाली रस्त्यावर पडली, तर प्रश्न बागेचा उरत नाही. यलो किंवा ऑरेंज अलर्ट असेल त्या दिवशी कडेच्या कुंड्या खाली जमिनीवर घ्याव्यात आणि वेलांचे आधार बांधून घ्यावेत. विजा चमकत असताना गच्चीवर झाडे आवरायला जाऊ नये. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केलेले दामिनी हे अॅप आसपास वीज पडण्याची सूचना देते, ते फोनमध्ये असलेले बरे.

किडींविषयी थोडक्यात सांगायचे, तर ओल्या आठवड्यात गोगलगायी आणि पानांवरचे ठिपके, कोरड्या आठवड्यात पिठ्या ढेकूण, मावा आणि लाल कोळी असा क्रम असतो. गोगलगायी रात्री नऊनंतर बॅटरी घेऊन वेचाव्यात. मोठ्या आफ्रिकन गोगलगायींना उघड्या हाताने स्पर्श करू नये. कुंडीत मीठ टाकून त्या मारण्याचा उपाय झाडालाच मारतो. जास्वंदीच्या शेंड्यांवर कापसासारखा पिठ्या दिसला की तो शेंडा खुडून पिशवीत बंद करून टाकावा, उरलेले पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुवावे आणि लिटरभर पाण्यात पाच मिलिलिटर निंबोळी तेल व दोन-तीन थेंब द्रवरूप साबण मिसळून संध्याकाळी फवारावे. त्या संध्याकाळी पाऊस येणार असेल, तर फवारणी पुढे ढकलावी.

मुंबईबाहेरचा सल्ला मुंबईत

नाशिकची माझी मावसबहीण दर वर्षी दसऱ्याला फोन करून 'गुलाब छाटलास का?' असे विचारते, आणि तिच्या दृष्टीने ती बरोबर असते. द्राक्षांची ऑक्टोबर छाटणी ज्या प्रदेशात होते, तिथे या महिन्यात हवा कोरडी होऊ लागते आणि महिनाअखेरीस रात्रीचे तापमान विशीच्या खाली उतरते. पुण्यातही साधारण हेच चित्र असते. मुंबईत मात्र ऑक्टोबरच्या रात्री सरासरी तेवीस अंशांच्या आसपास दमट राहतात, म्हणून तिथले वेळापत्रक इथे दोन ते तीन आठवडे पुढे ढकलूनच वाचावे. मराठवाड्यात आणि विदर्भात अंगणातली काळी माती ओली असताना फुगते आणि सुकताना भेगाळते. तिथे वाफशाआधी खुरपी चालवली की ढेकळे दगडासारखी होतात, आणि भेगा पडू लागताच भुसभुशीत शेणखत भरून आळी झाकणे हेच मुख्य काम असते. रत्नागिरी-अलिबागकडच्या तांबड्या जांभ्या मातीतून पाणी झटकन निघून जाते, तेव्हा तिथे कुजण्यापेक्षा भूक मोठी असते आणि खत लवकर दिले तरी चालते. परसातल्या आंब्याला मात्र ऑक्टोबरात पाणी आणि नत्र देऊन लाडावू नये. पाऊस लांबला की तो आधीच मोहोराऐवजी पालवी धरतो. खुद्द मुंबईतही कुलाबा-वरळीच्या किनाऱ्यालगत पानांवर मिठाचा थर बसतो, तिथे पाऊस थांबल्यावर आठवड्यातून एकदा पाने साध्या पाण्याने धुणे आवश्यक ठरते.

पेरणी

सूर्य साधारण २७ सप्टेंबरला हस्त नक्षत्रात जातो; पाटावर हत्ती मांडून हादग्याची गाणी म्हटली जातात ते हेच दिवस. या नक्षत्राचा पाऊस गडगडाटी आणि आडदांड म्हणून ओळखला जातो. त्यामुळे बारीक बी उघड्यावर पेरले, तर एका सरीत ते कुंडीच्या एका कोपऱ्यात गोळा होते. टोमॅटो, वांगी आणि मिरची यांचे बी सप्टेंबरच्या शेवटी छपराखाली ट्रेमध्ये किंवा कागदी पेल्यांत पेरावे. रोपे साधारण महिन्याने हलवण्याजोगी होतात, तोवर पाऊस गेलेला असतो आणि टोमॅटोला फुले येतात ती रात्री थंड होऊ लागल्यावर. उष्ण रात्री टोमॅटोची फुले फळ न धरताच गळतात, म्हणून याहून घाई करून काही मिळत नाही. चवळी आणि भेंडीला उष्णतेचे वावडे नाही, ती कधीही लावावी. कोथिंबीर आणि पालक तापलेल्या मातीत नीट उगवत नाहीत. धणे दोन फाकांत रगडून, रात्रभर भिजवून, ऑक्टोबरच्या मध्यानंतर सकाळचेच ऊन मिळणाऱ्या जागी पेरावेत, आणि तेही पाकिटातले निम्मेच.

ज्यांना या अनिश्चित दिवसांत काहीतरी हाताला लागलेले पाहायचे आहे, त्यांनी मेथी घ्यावी. मुंबईच्या बाजारात वाळू चिकटलेल्या मुळांच्या इवल्या जुड्या येतात, ती समुद्रमेथी किनाऱ्यालगतच्या रेताड जमिनीत होते आणि तिची रीत घरीही जमते. तळाला भोके असलेल्या उथळ ट्रेमध्ये तीन इंच धुतलेली जाड वाळू आणि थोडे गांडूळखत घ्यावे, स्वयंपाकघरातल्याच मेथ्या रात्रभर भिजवून दाट पेराव्यात, वर अर्धा इंच वाळू पसरावी आणि ट्रे छज्जाखाली ठेवावा. वाळूत पाणी साचत नाही, त्यामुळे पावसाची भीती कमी; ती लवकर सुकते, म्हणून उन्हाच्या दिवशी सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडावे लागते. दोन-अडीच आठवड्यांत मेथी खुडण्याजोगी होते. दुसरा ट्रे पहिल्यानंतर दहा दिवसांनी पेरावा.